जीपची शर्यत आणि तो अर्ज

सर, दर रविवारी दुपारी चार वाजता आम्ही तिघं मित्र मोटारींची शर्यत लावतो. खऱ्या मोटारींची नाही, टीव्हीवरच्या खेळातल्या. मी पुण्यात मुलाच्या घरी बसलेला असतो, एक जण मानवतला, आणि एक पेडगावला त्याच्या मळ्यातल्या घरात. तिघांच्याही समोर टीव्ही असतो. इंटरनेटवरून आमच्या गाड्या एकाच रस्त्यावर येतात, आणि कानाला लावलेल्या यंत्रातून आम्हाला एकमेकांचं बोलणं ऐकू येतं. तुम्ही गेलात तेव्हा लोक परगावी फोन करायला बूथवर रांग लावत होते, म्हणून हे तुम्हाला कसं समजावून सांगावं ते मला नीट कळत नाही. पेडगाववाल्याची मुलगी नोकरीसाठी बंगळुरात असते. तिनंच आम्हाला हा नाद लावला, आणि स्पर्धाही तीच ठरवते. या आठवड्यात गाडी कोणत्या ताकदीची, रस्ता कोरडा की ओला, हे ती सोमवारी कळवते. मग आठवडाभर गाडी जुळवायची असते. टायरमधली हवा, स्प्रिंगांचा ताठपणा, गिअर लांब ठेवायचे की आखूड, ब्रेक पुढं जास्त की मागं. हे काम माझ्याकडं असतं. मी आकडे काढून सगळ्यांना पाठवतो.

गेल्या रविवारी वीस गाड्या होत्या, बाकी सगळे पंचविशीतले. रस्ता ओला होता. आम्ही तिघं पहिल्या पाचात आलो. शर्यत संपल्यावर मुलगी म्हणाली, "काका, आठवड्यात तुम्ही फक्त हवा आणि मागची स्प्रिंग बदललीत, तीही एकेक करून. एवढं नेमकं कुणी शिकवलं तुम्हाला?" उत्तर आम्हा तिघांनाही माहीत होतं. मी म्हणालो, "कुणी न्हाई गं. करून करून आलं." मानवतवाला खोकला आणि पुढच्या रविवारचं विचारायला लागला. त्या दिवसापासून माझं कशातच लक्ष लागत नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

परभणीला मोटार मेकॅनिकच्या कोर्सला आम्ही तिघं आलो तेव्हा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन चार-पाच वर्षं झाली होती. नाव काही बदललं नव्हतं, पण माणसं बदलली होती. हॉटेलात चहा पिताना शेजारी कोण बसलंय ते पाहून लोक बोलायचे. आम्ही तिघंही जमीनदार घरचे. तुमचं आडनाव पहिल्या दिवशी फळ्यावर पाहिलं, आणि तुम्ही शिकवायला सुरुवात करण्याच्या आधीच आम्ही एकमेकांकडं पाहून हसलो. त्या हसण्याचं मला तेव्हा काहीच वाटलं नव्हतं.

पत्र्याच्या शेडमध्ये दोन जुन्या जीपगाड्या होत्या, एक पहिल्या वर्षाच्या पोरांना, एक दुसऱ्या वर्षाच्या. स्नेहसंमेलनात मैदानावर पांढऱ्या फक्कीनं गोल आखून त्या दोन जीपची शर्यत व्हायची. दुसऱ्या वर्षी जीप जुळवायचं काम आमच्या तिघांकडं आलं. मला घाई. एका सकाळी मी कार्बोरेटरचा स्क्रू पिळला, प्लगमधलं अंतर कमी केलं आणि टायमिंगही हलवलं. जीप धापा टाकायला लागली. तुम्ही लांब पेचकसाचं टोक इंजिनवर टेकवता आणि मूठ कानाला लावता. डोळे मिटलेले. मग इंजिन बंद करता. "तीन गोष्टी एकदम बदलल्यास," तुम्ही म्हणता. "आता कशानं बिघडलं, सांग." मला सांगता येत नाही. "मग सगळं होतं तसं कर. एका वेळी एकच बदल. फिरवून बघ. वहीत लिही. मग दुसरं." तुम्ही ओरडला नाहीत. मला ते जास्त लागलं. सगळं पहिल्यासारखं करण्यात माझे दोन दिवस गेले, आणि त्या दोन दिवसांत मी जेवढं शिकलो तेवढं त्याआधीच्या वर्षात शिकलो नव्हतो.

शर्यत आम्ही जिंकलो. मानवतचा चालवत होता, शेवटच्या वळणावर पहिल्या वर्षाच्या पोरांची जीप घसरली आणि आपली चिकटून राहिली. तुम्ही लांब कडुनिंबाखाली उभे होता, टाळ्याही वाजवल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी म्हणालात, "आज दुपारी घरी या तिघं. जेवायलाच या."

तुमच्या घरातला स्वयंपाक करायचा कोपरा मला अजून दिसतो. चुलीच्या वर फळीवर घासलेली भांडी, शेजारी तुमच्या मुलीची पुस्तकं. तुमच्या घरच्या बाई तव्यावर भाकरी टाकायल्यात, ताटात वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. तुम्ही तांब्या माझ्यापुढं करता आणि मी म्हणतो, "सर, माझा आज उपास हाय." वार बुधवार होता. तुम्ही क्षणभर माझ्याकडं पाहिलंत. "पाणी तरी?" मी म्हणालो, "पाणीबी चालत न्हाई." मानवतच्यानं लगेच मान हलवली, त्याचाही उपास निघाला. पेडगावचा मात्र मांडी घालून बसला आणि तीन भाकरी खाल्ल्या. परत येताना आम्ही दोघं त्याच्याशी बोललो नाही. बाईंनी आम्हा दोघांसाठी कागदात गुळाचे खडे बांधून दिले होते, उपास सुटल्यावर खा म्हणून. मी ते रस्त्याच्या कडेला टाकले.

पुढं महिन्याभरानं तुम्ही सुट्टीच्या दिवशी नामांतराच्या मोर्चात गेलात. मानवतच्याच्या चुलत्यानं तुम्हाला पाहिलं. त्यांचं त्या भागात वजन होतं. त्यांनी आम्हाला तिघांना बोलावून घेतलं आणि समोर कोरा कागद ठेवला. "तुमच्यात अक्षर कुणाचं चांगलं हाय?" दोघांनी माझ्याकडं पाहिलं. चुलते सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. सदर शिक्षकांना शिकवता येत नाही. विद्यार्थ्यांचं नुकसान होत आहे. तरी त्यांची बदली करावी. मोर्चाचा त्यात एक शब्द नव्हता. "आता दस्तखत कर," ते म्हणाले. पहिली सही माझी. मानवतच्यानं दुसरी केली. पेडगावचा बराच वेळ पेन हातात धरून बसला, पण त्यानंही केली. मग वर्गातल्या बाकीच्यांच्या घ्यायला मी स्वतः फिरलो.

भीतीपोटी लिहिलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. पण सर, भीती नव्हती. अर्ज लिहून झाल्यावर चुलत्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, "हुशार हाय पोरगं" म्हणाले, आणि मला बरं वाटलं. जीपची शर्यत जिंकल्यावर वाटलं होतं त्यापेक्षा जास्त बरं वाटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

बदलीचा कागद आला त्या शेवटच्या शनिवारी तुम्ही नेहमीसारखे शेडमध्ये आलात आणि वह्या मागितल्या. एकेक तपासत माझ्या वहीपाशी थांबलात. बाकीचे हत्यारं पुसत होते. तुम्ही हळू आवाजात बोललात, फक्त मला ऐकू येईल असं. "प्राचार्य साहेबांनी मला अर्ज वाचायला दिला. 'शिकवता'मधला 'शि' तू असाच काढतोस, वेलांटी लांब ओढून. दोन वर्षं तुझं अक्षर तपासायलोय मी." मी खाली बघत राहिलो. तुम्ही वहीची पानं मागं उलटलीत. प्लगचं अंतर, टायमिंग, तारखेवार सगळं लिहिलेलं. "मला शिकवता येत न्हाई, तर मग हे तू कुठं शिकलास?" एक शब्द बोललो असतो तरी चाललं असतं. तुम्ही थोडा वेळ वाट पाहिलीत, मग लाल पेनानं 'चांगले' असा शेरा लिहून सही केलीत. उठताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "जीपचा मागचा ब्रेक सैल झालाय. कुणीतरी बघून घ्या."

त्या कोर्सवर मला नोकरी लागली, पुढं मी एका मोठ्या कारखान्यात इंजिनं तपासायच्या विभागाचा प्रमुख झालो. हाताखालच्या माणसांना मी तुमचंच वाक्य सांगायचो, आणि ते माझं आहे असं त्यांना वाटू द्यायचो. विद्यापीठाचं नाव बदललं त्याच्या पुढच्या वर्षी तुम्ही वारलात. मेव्हण्याच्या लग्नासाठी मी तेव्हा परभणीतच होतो. मांडवात मला पेडगावच्यानं सांगितलं. तो तुमच्या घरी जाऊन आला होता. "बाईंनी तुझं विचारलं," तो म्हणाला. "तुझा पत्ता माहीत न्हाई म्हणालो." घर मांडवापासून पायी दहा मिनिटांवर. मी गेलो नाही. तुमची मुलगी आता कुठं असते हेही मी कधी शोधलं नाही, म्हणून हे पत्र पाठवायला माझ्याकडं कुणाचाच पत्ता नाही. असता तरी पाठवलं असतं का, ते मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

काल दुपारी बंगळुरातून मुलीचा निरोप आला. गेल्या रविवारची ती सेटिंग, म्हणजे मी जुळवलेले आकडे, खेळात सगळ्यांसाठी खुली करायची होती. कुणीही, कुठूनही ती घेऊन आपल्या गाडीला लावू शकतं, आणि वर ज्यानं बनवली त्याचं नाव दिसतं. "काका, तुमचं नाव टाकू?" तिनं लिहिलं होतं. मी लिहिलं, "माझं नको. आमच्या सरांचं टाक. त्यांनीच शिकवलं मला. त्या दिवशी मी खोटं बोललो." तिला फार आनंद झाला. तिनं लगेच विचारलं, "किती छान. काय नाव सरांचं?" मी तुमचं पहिलं नाव लिहिलं आणि पुढं 'सर' जोडलं. तिनं विचारलं, "आणि आडनाव?" आडनावावरून आपल्याकडं काय ओळखतात ते तुम्हाला सांगायला नको. ते नाव मानवतचा पाहणार होता, माझा मुलगा पाहणार होता, माझ्या गोतातली पोरं पाहणार होती. चाळीस वर्षांपूर्वी फळ्यावर वाचलेलं तुमचं आडनाव मला आजही लख्ख आठवतं, सर. मी तिला लिहिलं, "आठवत नाही."