ठमाबाईचा खांदा आणि माझी वेणीफणी

निमगाव सावा
दि. ८ ऑगस्ट १९९९

आमचे मेहुणे बाळासाहेब यांस कुंडलिकचा रामराम. भोसरीत तुम्ही सगळे खुशाल असाल असं धरून चालतो. इथं मी थकलोय, बाकी क्षेम.

कांदा साठवायच्या बराखीवर ताडपत्री ओढताना तुमची अक्का (आमची ठमाबाई) पडली, उजवा खांदा मोडला, त्याला नऊ आठवडे झाले. नारायणगावच्या डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडात धरून सांगितलं, हाड फार सरकलेलं नाही; या वयात ऑपरेशन करा नाहीतर हात झोळीत ठेवून मग व्यायाम करा, वर्षभरानं फरक फारसा राहत नाही. (डॉक्टर असं दोन्हीकडून बोलला की घरच्यांचे हाल.) भेटायला येणाऱ्यांनी मात्र निकाल दिला. माझी बहीण साळुबाई म्हणाली, प्लेट टाका. शेजारची ठकूबाई म्हणाली, प्लेट थंडीत लई ठणकते. दोघी चहा पिऊन गेल्या, कप मी विसळले. मग अक्का एवढंच म्हणाली, "मला चिरू नका. पण केस तरी माझे मला बांधता आले पायजेत." म्हणून झोळी ठरली, आणि केस माझ्याकडे आले.

बाळासाहेब, मी जन्मभर दावी वळली. पहिल्या दिवशी तोच पीळ दिला, तर हिच्या भुवया वर चढल्या. "आवो, म्हैस बांधताय का?" आता रोज डेअरीला दूध घालून आलो की फणी घेऊन मागं बसतो, आणि लग्नापासूनच्या माझ्या चुका ऐकतो. (तोंडाला झोळी नसते.) उठूनही जाता येत नाही, केस हातात असतात.

झोळी सुटल्यापासून भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम आहे. मी पेन्सिलीनं खूण करतो. दोन आठवडे खूण कॅलेंडरच्या खालीच अडकली आहे. परवा फोनवर तुम्ही म्हणालात, दाजी, तुमी चालढकल करताय, पुढच्या रविवारी जीप आणतो, अक्काला ऑपरेशनला पुण्याला नेऊ. तुमचंच बरोबर असेल. मी कंटाळलोय, या घेऊन. तिला अजून सांगितलं नाही, कसं सांगावं तेच कळत नाही.

आपला,
कुंडलिक

ता.क. पत्र टाकायचं राहिलं ते बरं झालं. आज डेअरीवरून लवकर आलो. भिंतीवर उजव्या हाताची पिठाची बोटं उमटलेली, माझ्या खुणेच्या वर हातभर, पार कॅलेंडरच्या खिळ्यापर्यंत. अक्का आत भाकरी थापत होती, अंबाडा सुटलेला. मी धोतराच्या सोग्यानं बोटं पुसली आणि फणी घेऊन बसलो. ती पाठ करून बसली.

दुसरा ता.क. जीप नको, एस.टी.नं या. हिला यातलं काही बोलू नका. येताना मोठ्या दातांचा कंगवा तेवढा आणा, फणीनं हिचे केस तुटतात.