गल्लीवरचं शीड

मांडवी, रत्नागिरी
चैत्र वद्य ५, शके १८५५

चि. सौ. दमयंतीस आजीचे पोटभर आशीर्वाद.

आधी आली समोरची सईदा, मागून तिचा नवरा गुलाम रसूल, आणि मग अख्खी आळी. तू पहिल्या बाळंतपणाला येणार म्हणून सगळ्यांना घोर एकच: तुझी खोली गल्लीला लागून, आणि गल्ली म्हणजे भट्टी. आळीतल्या तुळसानं आमच्या बावीचं पाणी ओढून रस्ता शिंपला. घटकाभर काय तो गारवा! मग तापल्या जांभ्यातून वाफा निघाल्या, आणि बाव तळाला गेली ती वेगळीच. प्यायला काय ठेवायचं? शिंपणं बंद केलं. माडाच्या झापांचा मांडव घालू म्हटलं, तर शेजारची कमळा चुलीच्या ठिणगीला भिते. तिचंही खरंच. तुझा बाप म्हणतो, पोरीला मुंबईतच राहू दे. मी त्याच्याशी बोलत नाही.

माया आहेच, ती आटू देऊ नको.
आजी

मुंबई
चैत्र वद्य १२

ती. आजीस कृ. शि. सा. न. वि. वि.

अण्णांवर रागावू नकोस. पण बाळंतपण मला तुझ्याच हाताखाली हवं. इथं खिडकीला वारा आहे, उशाला माणूस नाही. पावसाळ्यात आगबोटी बंद होतील. तिकीट काढू की नको, तेवढं कळव.

तुझ्या मायेची भुकेली,
दमू

मांडवी
वैशाख शुद्ध १०

चि. दमूस आशीर्वाद.

काढ बाई तिकीट. गुलाम रसूलनं मचव्याचं जुनं शीड आणलं, आणि त्यांच्या वाशांपासून आमच्या वाशांपर्यंत ताणलं. पण तो पडला तांडेल! गाठी मारल्या दर्यावरच्या. दुपारचा खारा वारा सुटला, शीड फुगलं, आणि वळचणीची कौलं घेऊन निघालं तुला आणायला. सईदा त्याला म्हणाली, "घर हाय ता, मचवा नाय." मग एका अंगाच्या दोऱ्या ढिल्या केल्या. आता वारा खालून जातो, ऊन वर अडतं.

दमू, भर दुपारी गल्लीत अनवाणी उभी राहिले मी. पाय भाजले नाहीत. वर पाहिलं तर ऊन दुधासारखं गाळून येत होतं. तुझा बाप तर तिथंच खाट टाकून घोरला.

पावसाआधी शीड उतरवावं लागेल, आणि पुढल्या उन्हाळ्याला ते टिकेलसं नाही. म्हणून त्या जागी उंडीचं रोप लावायचं ठरलंय. सावली धरायला वर्षं जातील. जाऊ देत. तुझ्या बाळालाही धावायला तेवढी लागतीलच.

लवकर ये, मायेला उशीर सोसत नाही.
आजी

ता. क. चहा पिऊन उठताना सईदा नि गुलाम रसूल सांगून गेली: रोप घेऊन मृगाच्या दिवशी येऊ. तोवर बाळ मांडीवर दिसेल, असं मी कबूल करून बसलेय.