बहाव्याखालची जागा

लिहून ठेवणार: पारूबाई रामकिसन वाहूळ, वय एकाहत्तर, धंदा घरगुती रोपवाटिका, राहणार उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर.

माझं डोकं ठिकाणावर आहे, चष्मा नवा आहे आणि हे कोणी माझा हात धरून लिहून घेत नाही. माझ्यामागं माझ्या मिळकतीचं काय करायचं, ते मी आज स्वखुशीनं ठरवते. खुशी तर इतकी आहे की सांगता सोय नाही! वकीलसाहेब म्हणाले, मृत्युपत्रात उद्गारचिन्हं नसतात. माझ्यात असतील!

पहिलं म्हणजे घर. ते माझ्या नावावर आहे. खोल्या, जिना, गच्ची, सगळं मुलगा विश्वजीत याला मिळावं.

मागचं अंगण मात्र त्याला नाही. विश्वजीत, कारसाठी तिथं फरशी टाकायचं तू उठताबसता बोलतोस. अरे, याच अंगणातल्या कडुनिंब, करंज, चिंचेच्या रोपांवर तुझं इंजिनिअरिंग झालं! शेंद्र्याच्या कारखान्यांच्या कुंपणाला आज जी सावली आहे, ती इथूनच गेली. अंगण, पाण्याची टाकी, झाऱ्या, हिरवी जाळी आणि चालता धंदा सून सोनिया हिच्या एकटीच्या नावे.

यावर कोणी वाद घालू नये, म्हणून कारण लिहिते. सोनिया नवी नवरी असताना मी पावसाळाभर दवाखान्यात होते. पोरीनं नेमानं पाणी घातलं, पण पिशव्या जागच्या हलवल्या नाहीत. रोपाची पिशवी अधूनमधून हलवावी लागते, नाहीतर मूळ तळाच्या भोकातून भुईत शिरतं. मी घरी येऊन पिशव्या उचलायला लागले, तर मुळं तटातट तुटली! माझी नणंद आवडाबाई गंगापूरहून मला बघायला आलेली. ती म्हणाली, "सुनंनं वाटोळं केलं की वैनी! झाडं इकून घर चालत असतंय व्हय?" सोनिया लई रडली, पण रडत बसली नाही. निम्मी पानं खुडली, रोपं जाळीखाली सावलीत मांडली आणि डोळ्यात तेल घालून जपली. बहुतेक सगळी जगली! अंगण कुणाचं, ते मी तेव्हाच मनात ठरवलं.

आवडाबाईला सीताफळाचं एक रोप, फुकट. फळ गोड लागलं तरी ती कबूल करायची नाही, हे मला माहीत आहे.

चहाच्या हॉटेलवाले सर्जेराव. रोपांसाठी दुधाच्या रिकाम्या पिशव्या मागायला मी गेले की "आली कचरेवाली" म्हणायचे. आता स्वतः धुऊन आणून देतात. माफ केलं आहे, विसरलेले नाही. म्हणूनच त्यांना साक्षीदार केलं.

आता आजचीच गोष्ट. दवाखान्यातून येऊन मी पिशव्या उचलल्या, त्या वेळी एका बहाव्याचं मूळ फार खोल गेलं होतं. सोनियाला ते उपटवेना. "आई, राहू द्या ना हे," म्हणाली. राहू दिलं, आणि तो वाढला नेमका कारच्या जागेवर! आज सकाळी तिनं मला ओढतच अंगणात नेलं. बहावा फुललाय! पहिल्यांदा! पिवळाधमक! म्हणून उद्यावर न ढकलता आजच लिहायला बसले. माझ्यामागं या झाडाला कोणी कुऱ्हाड लावू नये.

विश्वजीत, तुला या अंगणातून अगदीच रिकाम्या हातानं पाठवत नाही. बहाव्याची सावली तुझी. फरशी न टाकता गाडी खुशाल तिथं लाव. उन्हाळ्यात टपावर फुलं पडतील, ती झटकायची नाहीत. तशीच ऑफिसला न्यायची. आणि कोणी विचारलं की हे झाड कुणाचं, तर बायकोचं नाव सांगायचं.

सही: पारूबाई रामकिसन वाहूळ

साक्षीदार:
सर्जेराव खरात, चहाचं हॉटेल, उस्मानपुरा
रूपा दांडगे, शेजारीण

ठिकाण: मागचं अंगण, उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: २ मे २०२५