शेवटचा रकाना

प्रिय प्रज्योत,

तुझी डॉक्टरकीची वही पुरी झाली. त्र्याऐंशी नोंदी, निळ्या शाईत, खाडाखोड कुठंही नाही. सोमवारी पोयनाडला जाऊन पोस्टात टाकीन, म्हणजे परीक्षेआधी तुझ्या हाती पडेल. तू दिलेल्या पिशवीतल्या सगळ्या चिठ्ठ्या तारखेनं लावून घेतल्या. तीन वर्षं एप्रनच्या खिशात कोंबलेले ते कागद! कुठं हातमोज्यांच्या पाकिटाचा तुकडा, कुठं औषधाच्या खोक्याचं झाकण. एकावर तर चहाचा पेला ठेवल्याचा गोल डाग. दिवसभर ज्याला जे केलं, त्याची खाट, वय आणि नावाची दोन अक्षरं तिथल्या तिथं टिपून ठेवायची, सवड मिळाली की वहीत उतरवायची. ती सवड तुला कधी मिळालीच नाही, हे मला दिसतं.

देताना तू हसत म्हणाला होतास, "मावशी, वॉर्डाच्या मोठ्या मॅडम म्हणतात माझं अक्षर म्हणजे कोंबडी चाललीय. तू नुसती इंग्रजी अक्षरं बघून काढ, तुला समजायची गरज नाही." रकाने तूच आखून दिलेस. तारीख, रुग्ण, काय केलं. मग चार घरं: नुसतं पाहिलं, मदत केली, वरिष्ठ उभे असताना केलं, एकट्यानं केलं. आणि शेवटी काय बिघडलं त्याचा रकाना. तो कोरा ठेव म्हणालास, तिथं कुणीच काही लिहीत नाही.

इकडं सगळं ठीक आहे. वाल यंदा चांगला आला. माझ्या पुतणीचं, आरोहीचं, लग्न झालं, तुला रजा मिळाली नाही म्हणून सगळे हळहळले. हळदीच्या दिवशी मी भाजी ढवळायला बसले, तर भागुबाई बायकांच्या घोळक्यातून ओरडली, "कमळ, तू मिठाला हात लावू नको बाय, पावणं जिवंत परत जाऊं दे!" सगळ्या हसल्या. जाऊ थोरली, तिला काय बोलायचं? मीही हसले आणि लसूण सोलायला घेतला. तुझे काका गेल्यापासून मी अळणीच जेवते, हे तिला ठाऊक नाही. तुलाही नसेल.

तो मंगळवार आठवतो ना? तू एम.डी.च्या पहिल्या वर्षाला होतास, आणि तुझ्याच वॉर्डात यांना ठेवलेलं. छातीत पाणी साठलं होतं, ते सुईनं काढायचं होतं. आदल्या संध्याकाळी हे तुला म्हणाले, "परक्याची सुई कशाला, आपल्या पोराचा हात तरी बसंल." तू म्हणालास, "नाही काका, मला अजून एकट्यानं करायची परवानगी नाही. मॅडमच करतील." सकाळी अकराला मला बाहेर बसवलंस. परत आत घेतलंस तेव्हा सांगितलंस, मॅडमनी पाणी काढलं, छान झालं. दुपारी यांनी पेज मागितली. जन्मभर मिठागरात राबलेला माणूस, महिनाभर अळणी खाऊन कंटाळला होता. मी चिमूटभर मीठ घातलं. तीनच्या सुमाराला धाप लागली, त्यांना आयसीयूत नेलं, मला आत सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

मी तुझ्या गळ्यात पडून रडत सांगितलं की मी पेजेत मीठ घातलं होतं.  तू म्हणालास, "मावशी, मीठ कशाला दिलंस गं?" भागुबाई शेजारीच उभी होती. तेवढं एक वाक्य घेऊन ती गावात आली.

पाचवीत असताना ओटीवर बसून तूच मला एबीसीडी शिकवलीस. तुझी आई, माझी नलू, तेव्हा नुकतीच गेली होती, आणि मला काही शिकवताना तुझं रडू थांबायचं. पुढं तू वसतिगृहात गेलास. मी तुझा जुना शब्दकोश घेऊन वाचत राहिले. रोज पाच शब्द. तुला कधी सांगितलं नाही, कारण तू विचारलं नाहीस.

सत्तेचाळिसावी चिठ्ठी त्या मंगळवारची आहे. डी. टी., पुरुष, ५९, खाट १४. दिनानाथ ठाकूर. ते असताना त्यांचं नाव मी कधी घेतलं नाही, आज लिहिते. छातीतलं पाणी काढलं. एकट्यानं. पुढं काय बिघडलं तेही तुझ्याच अक्षरात आहे, एका शब्दात. तो शब्द माझ्या शब्दकोशात नव्हता, म्हणून उपकेंद्रातल्या नर्सबाईंना, केसरताईंना, कुणाचं काही न सांगता विचारला. त्या म्हणाल्या, फुप्फुसाला सुई लागते आणि छातीत हवा भरते, धाप लागून माणूस जाऊही शकतो. मी म्हटलं, आणि मिठानं? एका चिमटीनं दोन तासांत? त्या म्हणाल्या, "छे हो काकू, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

सुई चुकली याचा मला राग नाही, प्रज्योत. मॅडम कुठंतरी अडकल्या असतील, तू दोन दिवस झोपला नसशील, हात कुणाचाही चुकतो. तू तेव्हा माझ्यापाशी रडला असतास तर मी तुलाच जवळ घेतलं असतं. पण तू चिठ्ठीला खरं सांगितलंस आणि मला खोटं. आणि तीच चिठ्ठी माझ्याच हातात दिलीस. मला कळणार नाही, याची तुला केवढी खात्री!

पत्र लिहायचं कारण एवढंच. तू म्हणालास तसे शेवटचे रकाने मी कोरे ठेवलेत, पण सत्तेचाळिसाव्या ओळीतला भरला आहे. तुझाच शब्द, चिठ्ठीवर आहे तसा. त्या पानावर मॅडमची सही घ्यायची की पान फाडायचं, ते तू बघ. मी कॉलेजात कळवणार नाही, कुणाकडं जाणार नाही. पण परीक्षेला बसण्याआधी एक दिवस काढून गावी ये. भागुबाईच्या पडवीत माझ्या शेजारी बस आणि त्या मंगळवारी काय झालं ते तुझ्या तोंडानं तिला सांग. मी सांगितलं तर ती म्हणेल, पोरावर ढकलते. रविवारी तिच्याकडची सगळी माणसं घरीच असतात.

अजून तरी तुझीच,
कमळमावशी