फक्त प्रयोगासाठी

९ एप्रिल १९७९
गिरिजाची साखर आजही उतरली नाही. लघवीची तपासणी पुन्हा विटकरी रंगाची. इन्सुलिन वाढवलं तरी तेच. टोचलेल्या जागी गाठ, लाल, गरम.
गि. म्हणाली, "अक्का, कोरी जागा उरली नाही. पाठीवर टोच, मला दिसणार तरी नाही."
ती हसली. मी नाही.

११ एप्रिल
कॉलेजच्या वॉर्डातल्या डॉक्टरांचं मत माझ्यासारखंच. गाईच्या इन्सुलिनला तिचं रक्त परकं समजतंय, निकामी करतंय. डुकराचं हवं. माणसाच्या इन्सुलिनशी त्याचा एकाच दुव्याचा, एकाच अमिनो आम्लाचा फरक, गाईच्याचा तीन. मीच हे विद्यार्थ्यांना फळ्यावर काढून दाखवते.
सोलापुरात मिळत नाही. मुंबईला तार केली.
अव्वा लेकीची कुपी देवघरातल्या माठाशी, ओल्या फडक्यात ठेवते. घरात तीच जागा गार. आज परत विचारलं, "कशापासनं करतात गं हे?"
"कारखान्यात." नेहमीचं उत्तर.

१४ एप्रिल
ग्रंथालयात परदेशी नियतकालिकाचा अंक आला. बोटीने येतो, बातमी शिळी. जंतूंमध्ये माणसाचा जीन घालून त्यांच्याकडून इन्सुलिन करून घेतलंय. माणसाचंच. एका दुव्याचाही फरक नाही. परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचला. रुग्णांना कधी, ते लिहिलेलं नाही. सध्या प्रयोगशाळेपुरतंच.
गि.ला सांगितलं.
"म्हणजे जंतू माझ्यासाठी राबणार की. कधीपासनं?"
"माहीत नाही."
"अव्वाला सांगू नकोस. ती त्यांना नैवेद्य दाखवेल."
अव्वाला देत आलेलं उत्तर कधीतरी खरं होईल. तोवर गि. टिकायला हवी.

१७ एप्रिल
मुंबईचं उत्तर: साठा नाही, पुढच्या महिन्यात बघू.
पुढचा महिना.
गि. नुसती पाणी पिते. कपडे अंगावर लोंबतात. श्वासाला गोड वास येऊ लागला. अव्वा खूश. "तोंडाला वास बरा येतोय की आज, केळ्यावाणी."
त्याचा अर्थ मला माहीत आहे: रक्तात आम्ल साचतंय. उठून बाहेर गेले.
डॉक्टर म्हणतात, दाखल करा. तिथेही देणार तेच इन्सुलिन.

१८ एप्रिल
आमच्या विभागाच्या फ्रीजमध्ये विभागप्रमुख सरांची बाटली आहे. डुकराचं इन्सुलिन, शुद्ध, स्फटिकरूप. उंदरांवरच्या कामासाठी मागवलेलं. लेबलवर: फक्त प्रयोगासाठी, माणसांवर वापरू नये. किल्ली माझ्याकडेच असते.
तरी सरांना विचारलं. ते चष्मा पुसत राहिले. "विचारायला नको होतंस. विचारलंस की मला नाही म्हणावं लागतं."
दारापर्यंत पोचले तेव्हा म्हणाले, "उद्या मी अक्कलकोटला चाललोय, लग्नाला. फ्रीज फार वेळ उघडा ठेवत जाऊ नकोस."

१९ एप्रिल
द्रावण केलं. गाळलं. निर्जंतुक झालं असावं. "असावं" हा शब्द मी विद्यार्थ्यांना वापरू देत नाही.
सशाला टोचलं. साखर उतरून तो निपचित पडला. ग्लुकोज दिल्यावर उठून बसला. म्हणजे गुण शाबूत आहे. द्रावण दूषित असेल तर त्याला ताप येईल, आता ते बघायचं.
डॉक्टरांना सांगितलं. "मी टोचणार नाही. पण वॉर्डातच आहे. काही वाटलं तर तिला तशीच उचलून आणा."

२० एप्रिल
सशाला ताप नाही. पण ससा म्हणजे गिरिजा नव्हे.
आधी मी घेणार. गि.ला सगळं सांगितलं, लेबलवरचंही. तिने विचारलं, "अव्वा?" अव्वा मठात गेली आहे.
गि. गुळाचा खडा घेऊन समोर बसली आहे, एरवी मी तिच्यापुढे बसते तशी. भिंतीला टेकली आहे. श्वास जोरात.
स्वतःला टोचलं. अगदी थोडं.
गाठ नाही. लाली नाही.
"अक्का, तुला घाम आलाय."
"लिहू दे."
बोटं थरथरताहेत. ओळ वर चालली. साखर उतरतेय, म्हणजे लागू पडतंय. आत अजून काय गेलं, ते आज कळणार नाही. कदाचित उद्याही. गि.ला उद्यापर्यंत थांबवता येईल असं वाटत नाही.
"पुरे झालं लिहिणं. आ कर."
गूळ तोंडात. स्टोव्हचा आवाज येतोय. दुसरी सिरिंज उकळते आहे. मी ठेवली नव्हती.
गि.ने बाही वर केली आहे.