इनलँडची मागची बाजू

श्री

पांढुर्णा
९ नोव्हेंबर १९८६

ती. सौ. नलूताईस,
मुकुंदाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं, चकल्याही पोचल्या. प्रेमलता हात धुऊन येईपर्यंत पोरांनी अर्धा डबा रिकामा केला होता. यंदाही भाऊबीजेला आलो नाही म्हणून रागावली आहेस. तुझा राग खरा आहे. पण सौंसरला उतरून तुझ्या घरी यायचं म्हणजे सोसायटीच्या गोडाऊनवरून यावं लागतं. जे मी बांधलं आणि ज्याचे पैसे तीन वर्षं अडकले, त्याच्यासमोरून जाताना डोकं फिरतं माझं.

आता कामाचं. करारात लिहिलं होतं की वाद झाला तर कोर्टात न जाता लवादापुढे जायचं. ते लवाद एकदाचे नेमले गेले. रघुनाथराव म्हणून आहेत, निवृत्त इंजिनियर, छिंदवाड्याला असतात. बोलतात कमी, लिहून जास्त घेतात. शेवटच्या बिलाचे अठरा हजार आणि अनामतीचे बारा हजार सोसायटीने स्लॅब गळतो म्हणून दाबून ठेवले आहेत. शिवाय जोतं दोन फूट वाढवल्याचे नऊ हजार वेगळे. जोतं उंच घ्या, पैशाचं मी पाहतो, असं अध्यक्ष केशवराव साइटवर येऊन स्वतः बोलले होते. आता म्हणतात, मी कशाला बोलू? रघुनाथराव म्हणाले, त्या वेळी लिहिलेलं काहीही आणा, पोस्टाचा शिक्का असेल तर उत्तमच.

तेव्हा मला आठवलं. त्र्याऐंशी साली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीत सावरगाववाल्यांशी गोटमारीची दगडफेक खेळताना कपाळ फुटलं, तेव्हा दवाखान्यातून मी तुला एक इनलँड लिहिलं होतं. केशवरावांचं ते बोलणं त्यात नक्की आहे. तू तर किराण्याची यादीसुद्धा फेकत नाहीस. तेवढं शोधून पाठव. पुढची तारीख सहा डिसेंबरची आहे.

स्लॅबचा दोष शालिकराम मिस्त्रीचा, हे मी लवादाला लिहून दिलं आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी स्लॅब टाकला, पाणी धरायला तो होता, आणि हा बाबा सणाला सावरगावला पळाला. चार दिवस स्लॅब उन्हात कोरडा पडला. त्याच्या मजुरीचे चौदाशे मी तेव्हाच रोखले आणि त्याला कामावरून काढलं. करारात असं आहे की मजुराची चूक असेल तर दुरुस्तीपुरते पैसे कापायचे. ठेकेदारानेच काम वाऱ्यावर सोडलं असेल तर सगळी अनामत जप्त. म्हणून हे स्पष्ट लिहून देणं भाग होतं. पैसे आले नाहीत तर बँक कर्जावर घेतलेला काँक्रीटचा मिक्सर ओढून नेणार आहे.

भाऊजींना नमस्कार. रागासकट लोभ असू दे.

तुझा
मुकुंद

---

श्री

सौंसर
१५ नोव्हेंबर १९८६

चि. मुकुंदास,
नलूताईचे अ. उ. आ.

पत्र सापडलं. शोधायला तीन संध्याकाळी लागल्या, कारण ट्रंकेत तुझ्या नापास झाल्याच्या बातमीपासून सगळं आहे. ती बातमी तू दोन पानं भरून लिहिली होतीस आणि त्यात नापास हा शब्द कुठे नव्हता. मी मोठ्याने वाचून दाखवलं तर हे संत्र्याच्या पेट्या मोजायचं सोडून हसत बसले.

तुझं इनलँड मात्र मी मोठ्याने वाचलं नाही. केशवरावांचं बोलणं आहे, पुढच्या बाजूला, जसं तू म्हणतोस तसंच. पण मागच्या बाजूला काय लिहिलं आहेस ते तुला आठवतं का? मला वाटतं नाही आठवत, म्हणून उतरवून देते. अक्षर तुझं, शब्द तुझे:

“शालिकराम म्हणे, मालक तुम्ही जा, मी स्लॅबच्या पाण्यापाशी राहून जातो. मी त्याला चिडवलं की सावरगाववाले यंदा भिऊन राहिले का, आणि दंडाला धरून बसमध्ये बसवलं. नदीत मात्र आम्ही समोरासमोर. गोटा त्यांच्या बाजूनेच आला. सात टाके पडले. पण मला पाठीवर घालून दवाखान्यात त्यानेच आणलं. दोन दिवस उशाशी बसून आहे. दोनदा म्हणाला, सौंसरला जातो, स्लॅब वाळून राहिला असन. मीच जाऊ देत नाही. उठलं की चक्कर येते, घरचे सगळे सणात, कुणीतरी जवळ पाहिजे.”

मुकुंदा, तू खोटं बोलतोस असं मला वाटत नाही. तू स्वतःला जे सांगत आलास ते तुला खरं वाटायला लागलं आहे. सोसायटीने तुझे पैसे धरले म्हणून तू तीन वर्षं आमच्या दारात आला नाहीस. शालिकरामचे पैसे कुणी धरले आहेत?

हे म्हणतात, पुढची बाजू तेवढी हाताने उतरवून दे, वर सरपंचाची सही घेऊ. मी म्हटलं, शिक्का मूळ कागदावर आहे. इनलँड म्हणजे एकच कागद, त्याची बाजू वेगळी करता येत नाही. समोर असतास तर तू चिडला असतास आणि मी रडले असते, म्हणून लिहून विचारते. पाठवू का? आणि पाठवलं तर तू काय करशील?

प्रेमलतेला माझी आठवण सांग. आशीर्वाद आहेतच, ते उत्तरावर अवलंबून नाहीत.

तुझी
नलूताई

---

पांढुर्णा
२० नोव्हेंबर १९८६

ती. ताईस,
नमस्कार.

मी तुला पत्र मागितलं, प्रवचन नाही. शाळेत पोरींना शिकवता शिकवता घरीही फळ्यापुढे उभी राहतेस.

पुढच्या बाजूने नऊ हजार येतात, मागच्या बाजूने बारा हजार जातात. एवढा हिशेब तुमच्या चौथीच्या पोरींनाही येईल. कागद कापता येत नाही म्हणतेस. तुझ्याकडे कात्री नसेल, माझ्याकडे आहे. बँकेचा माणूस सोमवारी येऊन मिक्सरचा नंबर लिहून घेऊन गेला. सिमेंटवाला दुकानात चहा पाजतो आणि उधारीची आठवण देतो. आणि शालिकरामला तोंड नव्हतं का? त्याला काढलं तेव्हा एक शब्द बोलला नाही. खरा होता तर भांडायचं होतं. न भांडणाऱ्याचं मी किती डोक्यावर घ्यायचं?

पत्र माझं आहे. पाठवून दे.

मुकुंद

ता. क. चिडून लिहिलं आहे, समजून घे. प्रेमलता म्हणते की हे पत्र टाकू नका. मी टाकतो आहे.

---

श्री

सौंसर
२४ नोव्हेंबर १९८६

चि. मुकुंदास,
अ. उ. आ.

तू लिहिलंस म्हणून तुझं, मला लिहिलंस म्हणून माझं. तरी पाठवते. सोबत आहे, अख्खं. माझ्याकडेही कात्री आहे, ब्लाउज मीच बेतते घरात सगळ्यांचे. ती मी या कागदाला लावली नाही, एवढंच.

शालिकराम का बोलला नाही, हे मला ठाऊक आहे. आजवर तुला सांगितलं नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात आमच्या मळ्यातल्या विहिरीचा कठडा बांधायला तो आठ दिवस आला होता. दुपारी भाकर खायला बसला तेव्हा तुझं ते जुनं पत्र आठवून मी विचारलं की बाबा, तू तर दवाखान्यात होतास, मग काढलं तेव्हा सांगितलं का नाहीस. तो म्हणाला, बाई, मालकाच्या डोक्याले सात टाके होते, त्याईले कायची याद राहीन. अन् मी सांगतलं असतं तं लोकं म्हणते, सेवा केली त्याचा मोबदला मागून राहिला. मग पाणी प्यायला आणि कामाला लागला. तुझ्याबद्दल वाईट बोलला नाही. वाईट बोलला असता तर मला इतकं लागलं नसतं.

मी तुला काही कर म्हणत नाही. बारा हजार माझ्याकडे नाहीत, असते तर दिले असते आणि वरून मिजास केली असती. जे करशील ते कपाळावरच्या खुणेला हात लावून कर.

थंडी पडली आहे, छिंदवाड्याला जाताना मफलर घे. माझ्या मनातली तुझी जागा आहे तिथेच आहे.

तुझी
नलूताई

---

श्री

पांढुर्णा
९ डिसेंबर १९८६

ती. सौ. नलूताईस,
मुकुंदाचा शि. सा. न. वि. वि.

कात्री खिशात घेऊन गेलो होतो, हे आधी सांगून टाकतो. बसमध्ये दोनदा काढली. पुढच्या बाजूची जोत्याची ओळ आणि मागच्या बाजूचं शालिकरामचं नाव बरोबर पाठीला पाठ लावून आहेत. एक कापलं की दुसरं जातं. मग ठरवलं की घडी घालून पुढची बाजू तेवढी दाखवायची. कोण कशाला उलटून पाहतो?

आणि तसंच झालं. रघुनाथरावांच्या ओसरीवर बैठक होती. त्यांनी भिंग लावून शिक्का पाहिला, केशवरावांचं बोलणं मोठ्याने वाचलं. केशवराव म्हणाले, बोललो असेन बा, तीन वर्षं झाली. एवढ्यावर जोत्याचा प्रश्न मिटला. रघुनाथरावांनी घडी न उलगडता पत्र मला परत दिलं. नऊ हजार माझ्या हातात होते, ताई.

मग ते स्लॅबकडे वळले. माझ्या जबाबावरून लिहून घेऊ लागले आणि त्यांनी विचारलं की मिस्त्रीचं पूर्ण नाव सांगा, नोंदीत घालायचं आहे. म्हणजे निवाड्यात कायमचं लिहिलं जाणार की गोडाऊन अमक्याच्या हलगर्जीने गळलं. मला त्याच्या बापाचं नावही ठाऊक होतं. ज्याने पाठीवर घालून नेलं त्याचंच ते नाव. ते पेन उचलून वाट पाहत होते. मी पत्र परत त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हणालो, साहेब, मागंही लिहिलेलं आहे.

त्यांनी सावकाश वाचलं. चष्मा काढून माझ्या कपाळाकडे पाहिलं. एवढंच विचारलं की याचा परिणाम तुम्हाला माहीत आहे ना. मी हो म्हणालो. केशवरावांना आनंद व्हायला हवा होता, पण झालेला दिसला नाही. मूळ पत्र नक्कल करून परत देतो, असं रघुनाथराव म्हणाले. निवाडा महिना दोन महिन्यांत येईल.

मागच्या पत्राची लाज वाटते. ते मात्र ट्रंकेत ठेवू नकोस.

तुझा
मुकुंद

---

श्री

पांढुर्णा
२२ फेब्रुवारी १९८७

ती. सौ. नलूताईस,
मुकुंदाचा शि. सा. न. वि. वि.

निवाडा आला. बिल मिळालं, जोत्याचे मिळाले, दुरुस्तीचे पाच हजार कापले. अनामत गेली. बावीस हजार हातात आले ते सिमेंटवाल्याने आणि बँकेने वाटून घेतले, आणि तरी बँकेचं थोडं उरलं म्हणून मिक्सर विकला. आता पुन्हा घमेल्यांवर आलो. प्रेमलतेने त्या दिवशी पुरण घातलं. सण कसला म्हणून विचारलं तर म्हणाली, तुम्ही रात्री घोरले, तीन वर्षांनी.

मिक्सरच्या पैशातले चौदाशे बाजूला काढले आणि काल पूल ओलांडून सावरगावला गेलो. शालिकराम दारात ओळंबा दुरुस्त करत बसला होता. मी पैसे पुढे केले, त्याने न मोजता बायकोकडे दिले. मी पाठ करून गेलेलं सगळं विसरलो. चुकलो एवढंच म्हणालो. तो म्हणाला, मालक, बसा तं खरं.

चहा झाल्यावर त्याने एकच विचारलं, कागदात माझं नाव तं नाही ना लिवलं? मी सांगितलं की दोषी म्हणून माझं आहे, तुझं नाही. त्याला ते पटेना. त्याला वाचता येत नाही, म्हणून मी इनलँड काढून मागची बाजू वाचून दाखवली. त्याने पुन्हा वाचायला लावली. मग बायकोला चुलीपासून बोलावलं आणि तिच्यासाठी तिसऱ्यांदा. दोनदा म्हणाला सौंसरला जातो, या ओळीवर तिने नवऱ्याकडे पाहिलं. तीन वर्षं तो तिला हेच सांगत होता आणि तिचा पुरता विश्वास नव्हता, असं तिनेच मला सांगितलं. ताई, मी त्याची मजुरीच धरली असं समजत होतो.

मग त्याने हात पुढे केला आणि कागद मागितला. तुझं पत्र तुला न विचारता मी देऊन आलो. त्याने ते रेशन कार्डाच्या डब्यात ठेवलं आहे. मागशील तर आता मिळणार नाही.

पुढच्या सोमवारी मी आणि शालिकराम सौंसरला येतो. केशवरावांनी स्लॅबच्या दुरुस्तीचं काम मलाच दिलं आहे. पाणी धरायला शालिकराम रात्री गोडाऊनवर झोपणार, मीही तिथेच झोपणार. जेवायला मात्र तुझ्याकडे, दोन ताटं जास्त मांड. ट्रंकेत एका पत्राची जागा रिकामी झाली आहे, तिथे हे ठेव.

तुझा
मुकुंद