एक चरण, एक रांग

गुरुजी, शाळेच्या भिंतीवरचे तुमचे नियम आज पुन्हा रंगवून घेतले. अक्षरं फिकट झाली होती. पेंटर आळेफाट्याचा, ट्रकांच्या फळ्या रंगवणारा. वाचत वाचत रंगवत होता, तो मध्येच ब्रश थांबवून मला म्हणाला, "मास्तर, ह्ये गाण्याचं हाय का दवाखान्याचं? कुणाला हसू नका, वाट अडवू नका, विडी वढू नका!" मी म्हणालो, "गाण्याचंच आहे. आधी एवढं पाळायचं, मग गायचं." तो हसला. तुम्ही असतात तर त्याला शिडीवरून खाली उतरवून एक कडवं म्हणायला लावलं असतं आणि त्याला हसणाऱ्याला दुसरं.

तुम्ही निवृत्त झालात, घरी बसवेना, आणि महिन्यातल्या एका रविवारी दुपारी चारला शाळेच्या पटांगणात गाव गोळा करून पाठ्यपुस्तकातल्या कविता गायला लागलात. ते नव्वदच्या दशकातले दिवस. भजन नाही, स्पर्धा नाही, माईक नाही. तुमच्या हाताखालून गेलेली माणसं यायची, आणि शाळेचा उंबरा न चढलेलीही यायची. आता डोळे मिटले की ते पटांगण समोर येतं. कांदा काढून आलेल्या बायांच्या हातांना तोच वास, पुरुषांच्या टोप्या मांडीवर, आणि चौथीच्या पुस्तकातली पेरणीची कविता दोनेकशे गळ्यांतून वर चढतेय. मी तेव्हा चाळिशी ओलांडलेला, गावच्या पोस्टाचा मास्तर. कविता म्हटली की माझं काळीज अजून चौथीतच असतं. वाटलं होतं, गुरुजी मला पुढे उभं करतील, सुरुवात माझ्याकडून करून घेतील. तुम्ही मला मधली वाट सांभाळायला दिलीत!

फाटकापासून शाळेच्या ओट्यापर्यंत, बैलगाडी जाईल एवढी रुंद वाट. तिच्यावर कुणी बसायचं नाही, चपला काढायच्या नाहीत, पिशवी ठेवायची नाही. म्हाताऱ्यांनी वाटेच्या कडेला बसायचं, वर्गांची दारं उघडी ठेवायची. शाळेमागच्या पिंपळाला आग्या मोहोळ होतं, मोठ्या काळ्या माश्यांचं, म्हणून विडी नाही, उदबत्ती नाही, फटाका तर नाहीच. आणि शेवटी ती तुमची पांगायची कविता! तुम्हीच रचलेली, साधीच, चालायच्या ठेक्यातली. एक चरण म्हणायचा, ओट्याजवळची रांग उठायची आणि वाटेवरून निघायची. दुसरा चरण, दुसरी रांग. तोवर बाकीच्यांनी बसून गायचं. दर महिन्याला, न चुकता. लोक कंटाळायचे. एकदा एक जण म्हणालाच, "गुरुजी, घरी जायलाबी कविता लागती व्हय? आमाला पाय हायेत की!" तुम्ही शांतपणे म्हणालात, "पाय आहेत म्हणूनच लागते बाबा. माणूस एकटा शहाणा असतो. घोळका झाला की त्याला ठेका लागतो."

माझा राग गेला नव्हता. म्हणून की काय, एका रविवारी सरपंचांचे पाहुणे आले तेव्हा मी वाटेवर दोन खुर्च्या टाकल्या. तुम्ही तिसऱ्या कडव्याच्या मध्यावर हात वर केलात. सगळं पटांगण गप्प. "टपालवाले, खुर्च्या उचला." मी पुटपुटलो, "गुरुजी, पाहुण्यांचा अपमान होईल." तुम्ही म्हणालात, "पाहुण्यांना मी माझी सतरंजी देतो. वाट मात्र देत नाही." आणि खरंच तुम्ही उघड्या मातीवर बसलात. माझे कान तापले होते. एवढ्या माणसांत, माझ्याच गिऱ्हाइकांसमोर! दुसऱ्या दिवशी तुम्ही पोस्टात आलात, बाकावर बसलात, आणि माझ्याकडे न बघता सांगितलंत, की लहानपणी एका जत्रेत कुणीतरी नुसती हूल उठवली, गर्दी धावली आणि आईचा हात तुमच्या हातातून सुटला. आई सापडली, पण पाय मोडलेली. मरेपर्यंत लंगडत चालली. एवढं बोलून तुम्ही उठून गेलात. मी त्या दिवशी आलेल्या टपालावर शिक्का मारायचा विसरलो.

तुम्ही गेलात आणि रविवार माझ्याकडे आला. कविता माझ्याकडे आल्या याचा आनंद, आणि वाटही आली याची धास्ती. नवीन सहस्रकात शाळेला नवे हेडमास्तर आले. माणूस चांगला, पण घाबरट. मला ऑफिसात बोलावून म्हणाले, "हे बघा, पटांगण देतोय. पण कुणाला खरचटलं जरी, तरी दुसऱ्या दिवसापासून फाटकाला कुलूप. मला वर उत्तर द्यावं लागतं." म्हणजे एका अपघातात तुमचं सगळं उभं केलेलं बंद. त्यानंतर दर महिन्याच्या त्या रविवारी मी गायचो कमी आणि माणसं मोजायचो जास्त.

आणि मग तो माघातला रविवार. निवडणुका जवळ आलेल्या. निमगाव सावाहूनही माणसं आलेली, अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली चार पोरंही कुणाकडून तरी ऐकून आलेली. पटांगणात मुंगीला जागा नाही, फक्त मधली वाट मोकळी. एवढ्यात तालुक्याचे एक पुढारी आले, मागे पंधरा-वीस कार्यकर्ते. वाटेवर चार प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. आणि त्या निघाल्यासुद्धा. कशा निघाल्या ते शेवटी सांगतो गुरुजी, तोवर धीर गोळा करतो. पुढारी तोंड वाकडं करून सतरंजीवर टेकले. कार्यकर्त्यांतल्या एका पोराला साहेबांचा हा पाणउतारा सोसला नसावा. त्यानं शाळेमागं जाऊन साहेबांच्या स्वागताची फटाक्यांची माळ लावली, नेमकी पिंपळाखाली.

आधी धूर आला, मग तो आवाज. मोहोळ उठल्याचा आवाज ज्यानं ऐकलाय त्याला सांगावा लागत नाही. आकाशात काळी चादर कुणी झटकावी तसं झालं. कुणीतरी ओरडलं, "आरं पळा, आग्या मव्हळ!" अर्धं पटांगण पळायला गुडघ्यावर आलं. मी वाटेच्या मध्यभागी नुसता उभा. त्या क्षणी मला फक्त फाटकाचं कुलूप दिसत होतं.

आणि पुढच्या रांगेतून एक आवाज उठला. वरच्या आळीतली, सगळं गाव जिला आत्या म्हणतं ती. रोजंदारीनं शेतावर जाणारी, अक्षर न ओळखणारी, फक्त रविवारी ऐकून ऐकून सगळ्या कविता तोंडपाठ केलेली. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून तिनं पांगायच्या कवितेचा पहिला चरण उचलला. जाडाभरडा, खणखणीत. ओट्याजवळची रांग उठली, आणि फाटकाऐवजी समोरच्या उघड्या वर्गांकडे वळली! सवयीनं उठली हो गुरुजी, विचार करून नाही. दुसरा चरण सगळ्या पटांगणानं टॉवेलाआडून, पदराआडून म्हटला, आणि दुसरी रांग निघाली. तेव्हा कुठे मी सावरलो. मी "हात हलवू नका, तोंड झाका" एवढंच ओरडत होतो आणि मधल्या श्वासात गात होतो. म्हाताऱ्या कडेलाच होत्या, त्या अलगद वाटेवर आल्या. कुणी कुणाला ढकललं नाही. कविता दोनदा म्हणावी लागली, एवढंच. शेवटची रांग वर्गात शिरली, आत्या, पुढारी आणि मी सगळ्यात मागे, आणि दारं-खिडक्या लागल्या.

माश्या चावल्या, नाही असं नाही. डॉक्टर आले, इंजेक्शनं झाली. पुढाऱ्यांचं नाक ढोबळ्या मिरचीएवढं झालं होतं. पण एक हाड मोडलं नाही, एक पोर तुडवलं गेलं नाही, एका आईचा हात सुटला नाही. अंधाऱ्या वर्गात, बाहेर माश्यांचं घोंघावणं चाललेलं असताना, हेडमास्तर फळ्याला टेकून हमसत होते, आणि कुणीतरी म्हणालं, "आता बसलोच हावोत तर पेरणीची म्हना की राव!" आणि चारही वर्गांतून ती एकदम उठली. गुरुजी, तशी ती तुमच्या वेळीही कधी रंगली नव्हती. खोटं कशाला सांगू? अवसरीच्या पोरांतला एक बाकावर उभा राहून मला म्हणाला, "काका, आमच्या पुस्तकात गर्दी सुखरूप कशी हलवायची याच्यावर आख्खा धडा हाय. पण त्याला चाल न्हाई." फाटकाला कुलूप लागलं नाही. पुढारी पुढच्या महिन्यात एकटेच आले, सुजलेलं नाक उतरलेलं, येऊन मुकाट्यानं रांगेत बसले, आणि बेसूर पण पूर्ण गायले. कुणी हसलं नाही. ग्रामसभेनं ठराव करून तुमचे नियम भिंतीवर लिहायला लावले. तुम्ही जिंकलात, गुरुजी. तुमची कंटाळवाणी, दर महिन्याची, थट्टेवारी गेलेली कविता जिंकली.

आता ते राहिलेलं. आयुष्यभर लोकांची पत्रं वाटली, हे मात्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही म्हणूनच लिहू शकतोय. त्या चार खुर्च्या वाटेवर कार्यकर्त्यांनी टाकल्या नव्हत्या. मीच टाकल्या होत्या, हेडमास्तरांच्या ऑफिसातून आणून, टॉवेलानं पुसून. पुढाऱ्यांनी मनात आणलं तर पटांगण कायमचं मिळेल असा हिशेब होता माझा. आत्या उठली, म्हणाली, "ह्ये काय वो मास्तर? गुर्जींची वाट हाय ती," आणि दोन-दोन खुर्च्या दोन्ही काखांत मारून तिनं भिंतीला नेऊन लावल्या. पुढे शाळेत माझा सत्कार झाला. खुर्च्या कुणी उचलल्या ते गर्दीत पुढच्या रांगेपलीकडे कुणाला नीट दिसलं नव्हतं; हेडमास्तर भाषणात म्हणाले, पुढाऱ्यासमोर खुर्च्या उचलायची छाती फक्त आपल्या पोस्टमास्तरांची. आत्या समोरच बसली होती. सगळ्यात जोरात टाळ्या तिनंच वाजवल्या, आणि मी अंगावरची शाल काढली नाही.